वीस सेकंदांचा ड्रमर

जेम्स ब्राउनचं ‘फंकी ड्रमर’ ऐकणार असाल तर सात मिनिटांचं व्हर्जन शोधा आणि हेडफोन लावा. फोनच्या स्पीकरवर मजा नाही. पाच मिनिटं उलटून गेल्यावर ब्राउन बाकीच्या वादकांना थांबवतो. ड्रमरला सांगतो, सोलोबिलो नको, जे चाललंय तेच वाजव. पुढची साधारण वीस सेकंदं फक्त ड्रम्स.

वाजवणारा क्लाइड स्टबलफील्ड. टेनेसीतल्या चॅटनूगाचा. ड्रम्स कुणाकडे शिकला नाही. कारखान्यांची आणि आगगाड्यांची लय ऐकत मोठा झाला. हे रेकॉर्डिंग नोव्हेंबर १९६९चं, सिनसिनाटीतलं. ब्राउनने जोर पहिल्या मात्रेवर आणला होता, आपल्या भाषेत समेवर, आणि गिटारपासून ट्रम्पेटपर्यंत सगळ्यांना तालवाद्यासारखं वागवलं होतं. फंक ढोबळमानाने हेच. स्टबलफील्डने त्या मोठ्या ठोक्यांच्या फटींत स्नेअरवर जेमतेम ऐकू येणारे ठोके भरले. अंग हलतं ते त्यांच्यामुळे.

तेव्हा गाणं फारसं गाजलं नाही. पण ऑगस्ट १९७३ मध्ये ब्रॉन्क्सच्या एका इमारतीत डीजे कूल हर्क बहिणीच्या पार्टीत रेकॉर्ड्स लावत होता. नाचणारी पोरं गाण्यातल्या ड्रम्सच्या तुकड्याची, म्हणजे ब्रेकची, वाट बघतात हे त्याने हेरलं. मग एकाच रेकॉर्डच्या दोन प्रती दोन टर्नटेबलांवर ठेवून तो ब्रेक लांबवू लागला. त्यावर नाचणारे ते बी-बॉय. २०२४ला पॅरिस ऑलिंपिकमध्ये जे ब्रेकिंग दिसलं, त्याचं मूळ तिथलं.

‘फंकी ड्रमर’ची वेळ आली ती १९८६ मध्ये, लांब व्हर्जन एका संकलनात निघालं तेव्हा. पुढच्याच वर्षी एसपी-१२०० हा सॅम्पलर आला. मेमरी फक्त दहा सेकंदांची! म्हणून निर्माते रेकॉर्ड जास्त वेगाने फिरवून सॅम्पल घ्यायचे आणि मशीनमध्ये हळू करायचे. (याहून सुंदर कॉम्प्रेशन मी पाहिलेलं नाही.) पब्लिक एनिमी, एलएल कूल जे; मोजणारे सांगतात, हजाराहून जास्त गाण्यांत तो ब्रेक आहे.

स्टबलफील्डला त्यातून जवळपास काही मिळालं नाही. गाण्याचा रचनाकार म्हणून नाव एकट्या ब्राउनचं. कॉपीराइट सूर आणि शब्द ओळखतो; ड्रमरने जागेवर सुचवलेली लय त्याच्या लेखी वादकाची नोकरी. १९९१ मध्ये कोर्टाच्या एका निकालानंतर सॅम्पलसाठी रीतसर परवाने घेणं भाग पडलं, तरी ते पैसे हक्कधारकांकडे गेले. मला हे चुकीचंच वाटतं. आम्ही कोड लिहिणारे दुसऱ्याची फुकट लायब्ररी वापरतो तेव्हा निदान लायसन्सची फाईल सोबत ठेवतो. एमआयटी लायसन्सला पैसे नकोत, नाव हवं. स्टबलफील्डचं म्हणणंही तेच होतं: पैशांपेक्षा नाव द्या.

तो विस्कॉन्सिनमधल्या मॅडिसनला राहायचा, सोमवारी रात्री क्लबमध्ये वाजवायचा. कॅन्सरच्या उपचारांची बिलं थकली तेव्हा ती प्रिन्सने गुपचूप भरली. हे त्याने सांगितलं २०१६ मध्ये, प्रिन्स गेल्यावर. पुढच्या फेब्रुवारीत तोही गेला.