लारी नाण्यावरील त्रुटित लेख

विजापूरच्या आदिलशाहींत सोन्याचे होन व तांब्याचीं नाणीं यांच्याबरोबर लारी नांवाचें रुप्याचें नाणें चालत असे. तें वाटोळें नव्हे. सुमारें ५ मासे वजनाची रुप्याची तार तोडून ती मधोमध दुमडीत आणि चेपून दोन्ही अंगांस ठसा मारीत. इराणांतील लार नगरावरून हें नांव पडलें. होर्मुझच्या व्यापारामुळें हें नाणें कोंकणचीं बंदरें, मालदीव व सिंहलद्वीप येथें पोंचलें. मालदीवांत आजहि रुफियाच्या शंभराव्या भागास लारी म्हणतात.

विजापुरी लारीवर एका अंगास ‘सुलतान अली आदिलशहा’ हें नांव, दुसऱ्या अंगास नाणें पाडल्याचा मजकूर व हिजरी सन असतो. परंतु तार अरुंद व ठसा रुंद असल्यानें एका लारीवर लेखाचा कांहीं अंशच उमटतो. शिवाय अली नांवाचे सुलतान दोन झाले. पहिला १५५८ ते १५८० व दुसरा १६५६ ते १६७२. तेव्हां नांव वाचून निर्णय होत नाहीं, सनच पाहावा लागतो. कांहीं लाऱ्यांवर १०७१ हा सन आढळतो. तो इ. स. १६६०-६१ होय, म्हणजे त्या लाऱ्या, ज्यानें १६६० सालीं सिद्दी जौहरास पन्हाळ्यावर धाडिलें, त्या दुसऱ्या अलीच्या ठरतात.

रशियाच्या तारेच्या नाण्यांत हीच अडचण येते. तेथें १६८२ ते १६९६ पर्यंत इव्हान व पीटर हे सावत्र बंधु एकत्र गादीवर होते आणि प्रत्येकाच्या नांवें निराळे कोपेक पडत. चेपलेल्या तारेचा तुकडा ठशाहून लहान, व पित्याचें नांव दोघांचें एकच, अलेक्सेई. मूळ नांव तुकड्याबाहेर गेल्यास उरलेल्या पितृनामावरून नाणें कोणाचें हें सांगतां येत नाहीं.

यास उपाय पोथ्यांच्या अभ्यासकांस ठाऊकच आहे. एका प्रतींत गळालेलीं अक्षरें दुसऱ्या प्रतीवरून भरून काढतात. तद्वत् एकाच ठशाच्या अनेक लाऱ्या शेजारीं ठेवल्या म्हणजे लेख पुरा लागतो. यासाठीं लाऱ्यांचा सांठा सांपडल्यास तो फोडून विकूं नये. तार सरळ करूं नये. तसें केल्यानें ती दुमडींत तुटते व अक्षरें झिजतात. प्रत्येकीचें वजन व दोन्ही अंगांचे छाप नोंदवून ठेवावे. बिनसनाची लारी निरुपयोगी समजून सोनाराच्या मुशींत जाते. पण शेजारच्या लारीवरील सनाचा उरलेला आंकडा कित्येकदां तिच्यावरच असतो.