नाणेघाटावरील परराष्ट्रविद्या

पदवीच्या वर्गांत ‘आंतरराष्ट्रीय संबंध’ हा विषय घेऊं इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यास त्याचे वडील बहुधा एकच प्रश्न विचारतात : हें शिकून तूं होणार काय ? प्रश्न रास्त आहे. परराष्ट्रसेवेंत दरसाल सबंध देशांतून थोडकेच उमेदवार घेतले जातात, आणि ती नोकरी हेंच ह्या विद्येचें एकमेव फळ मानिलें तर तें क्वचितच कोणाच्या पदरांत पडावयाचें. परंतु ह्या प्रश्नाच्या मुळाशीं जी समजूत आहे ती आम्हांस तपासून पाहण्याजोगी वाटते. ती अशी कीं, परराष्ट्रसंबंध ही राजधानींतील गोष्ट असून जुन्नर-आंबेगांवसारख्या डोंगराळ तालुक्यांतील माणसाचा तिच्याशीं अर्थाअर्थी कांहीं संबंध नाहीं. इतिहासाची साक्ष नेमकी ह्याच्या उलट आहे.

विद्यापीठांतील विषय ह्या दृष्टीनें पाहतां ही विद्या तरुण आहे. वेल्समधील ॲबरिस्टविथ येथें १९१९ सालीं तिचें पहिलें अध्यासन स्थापन झालें. महायुद्धांत बळी पडलेल्या विद्यार्थ्यांच्या स्मरणार्थ मिळालेली देणगी त्याच्या मुळाशीं होती, व असा संहार पुन्हां होऊं नये ही त्यामागील इच्छा होती. आपल्याकडे दिल्लीस १९५५ सालीं ‘इंडियन स्कूल ऑफ इंटरनॅशनल स्टडीज’ ही संस्था निघाली व १९७० सालीं ती जवाहरलाल नेहरू विद्यापीठांत सामील झाली. तिचें मुख्य कार्य संशोधनाचें होतें. पदवीच्या विद्यार्थ्यास हा विषय दीर्घकाळ राज्यशास्त्राच्या एखाद्या प्रश्नपत्रिकेपुरताच भेटे. स्वतंत्र पदवी ही अलीकडची गोष्ट होय. क्रमिक पुस्तकें १६४८ च्या वेस्टफालियाच्या तहापासून आरंभ करितात आणि न्यूयॉर्कास येऊन थांबतात. त्यांत आपल्या गांवाचें नांव शोधणाऱ्या जुन्नरच्या मुलानें हा विषय परक्याचा समजावा, ह्यांत नवल नाहीं.

ह्या मुलास आम्ही प्रथम नाणेघाटाच्या माथ्यावर नेऊं. खालीं कोंकण, त्यांतून कल्याणच्या बंदराकडे जाणारी वाट, आणि माथ्यावर सातवाहनांचें लेणें. त्यांतील नागनिकेच्या लेखांत यज्ञांत दिलेल्या गाई, घोडे, हत्ती व कार्षापणें ह्यांची मोजदाद आहे. जवळच दगडी रांजण आहे. त्यांत जकातीचीं नाणीं पडत, असें परंपरा सांगते. घाट उतरणारा माल कोणत्या बाजारांसाठीं होता, ह्याची एक खूण जुन्नरभोंवतालच्या लेण्यांत सांपडते. तेथील तीन लेख ‘यवनां’च्या दानाचे आहेत. इरिल ह्यानें पाण्याचीं दोन टाकीं दिलीं, चिट ह्यानें भिक्षुसंघास भोजनमंडप दिला व चंद ह्यानें गर्भद्वार करविलें. लेखांची भाषा प्राकृत व लिपि ब्राह्मी आहे. परदेशी म्हणून ओळखला जाणारा माणूस येथील लोकांच्या भाषेंत आपलें दान कोरवितो, ही गोष्ट पुष्कळ तहांहून अधिक बोलकी आहे.

परंतु संबंध म्हणजे केवळ सलोखा नव्हे. इसवी सनाच्या पहिल्या शतकांतील ‘पेरिप्लस’ ह्या ग्रीक ग्रंथाचा कर्ता कल्याणविषयीं सांगतो कीं, थोरल्या सारगनाच्या काळीं ती रीतसर बाजारपेठ होती. पुढें ती संदनाच्या हातीं गेल्यावर तेथील व्यापारास अडथळे झाले, आणि चुकून तेथें शिरलेलीं ग्रीक गलबतें पहाऱ्यांत भडोचेस नेलीं जाऊं लागलीं. भडोच क्षत्रपांच्या ताब्यांत होतें. तेव्हां ह्या अडवणुकींत क्षत्रप-सातवाहनांच्या झगड्याची छाया विद्वानांस दिसते. तो झगडा घाटमाथ्यावरही पोंचला होता. जुन्नरजवळील मानमोडीच्या डोंगरांत महाक्षत्रप नहपानाचा अमात्य अयम ह्याचा ४६ व्या वर्षाचा लेख आहे. त्यानेंही टाकें व मंडप दिला. पुढें गौतमीपुत्र सातकर्णीनें क्षत्रपांस हटविलें. नाशिक जिल्ह्यांत जोगळटेंभी येथें सांपडलेल्या हजारों नाण्यांवर नहपानाच्या मुद्रेवर गौतमीपुत्राचा ठसा पुन्हां मारलेला दिसतो. बंदर अडविणें, व्यापार वळविणें, शत्रूचें चलन आपलेंसें करणें : आजच्या पुस्तकांत ज्यांस आर्थिक शस्त्रें म्हणतात तीं येथें दोन हजार वर्षांपूर्वीं चाललीं होतीं.

दुसरा धडा त्वेर येथील रशियन व्यापारी अफानासी निकितीन ह्याच्या प्रवासवृत्तांत आहे. १४६९ च्या सुमारास तो होर्मुझहून घोडा घेऊन चौलास उतरला व जुन्नरास येऊन पावसाळ्यांत तेथें राहिला. दक्षिणेंत चांगले घोडे पैदा होत नसत, म्हणून समुद्रापलीकडील घोड्यास मोल होतें. त्याच्या हिशेबीं हा घोडा येथवर आणण्यास शंभर रुबल लागले. गांव बहामनी राज्यांत होतें, व तेथें महमूद गवानाच्या हाताखालील असदखान अंमल करी. त्यानें घोडा हिसकावला आणि अट घातली : आमचा धर्म स्वीकारशील तर घोडा परत, वर हजार मोहरा, नाहीं तर घोडा गेलाच, शिवाय हजार मोहरा दंड. मुदत चार दिवसांची होती. तितक्यांत खोरासानचा ख्वाजा महंमद आला. त्यानें रदबदली केली, आणि घोडा व धर्म दोन्ही वांचलीं. ह्या परदेशी माणसामागें ना वकील होता, ना तह. एका भल्या माणसाचा शब्द तेवढा होता. परदेशांत एकट्या सांपडलेल्या माणसाचें रक्षण कोणी व कोणत्या आधारें करावें, ह्या प्रश्नास निकितीनाहून सोपा दाखला आम्हांस आठवत नाहीं. पुढें शतक-दीडशतकानें ह्याच जुन्नरांत निजामशाहीची राजधानी होती, आणि तिचा कारभारी मलिक अंबर हा गुलाम म्हणून विकला गेलेला हबशी होता.

आंबेगांव तालुक्यांतून घोडेगांवावरून भीमाशंकरास जाणाऱ्या यात्रेकरूस तेथें एक मोठी घंटा दिसते. चिमाजी अप्पांनीं मे १७३९ मध्यें वसई फिरंग्यांपासून घेतली, तेव्हां तेथील चर्चांच्या ज्या घंटा देवळोदेवळीं गेल्या त्यांपैकीं ही एक. घंटा विजयाची आठवण देते. परंतु ह्याच वेळीं झालेल्या तहाच्या कलमांनीं किल्ल्यांतील शिबंदीस हत्यारांसह सन्मानानें बाहेर पडण्याची मुभा दिली होती. घंटा व तह हीं दोन्ही एकत्र वाचलीं तरच त्या विजयाचा पुरता अर्थ कळतो.

ह्यावर कोणी म्हणेल, हा सर्व इतिहास झाला. आजच्या शेतकऱ्यास त्याचें काय? त्यास मंचर किंवा ओतूरच्या कांदाबाजारांत उभें करावें. डिसेंबर २०२३ मध्यें केंद्र सरकारनें कांद्याची निर्यात बंद केली. ४ मे २०२४ रोजीं ती खुली करितांना टनास किमान ५५० डॉलर हें मूल्य व ४० टक्के कर लावला. शहरांतील ग्राहकास स्वस्त कांदा मिळावा हा हेतु अनुचित नव्हे. पण परदेशच्या खरेदीदारानें इतर देशांकडे वळावें, हाही त्याचाच परिणाम होय. कल्याणचें बंदर अडल्यावर घाटमाथ्यावर जें झालें असेल, त्याची कल्पना येथें करितां येते.

म्हणून आमची सूचना एवढीच कीं, जुन्नर, मंचर वा घोडेगांव येथील पदवीच्या पहिल्या वर्गांत ह्या विषयाचा आरंभ नाणेघाटचा लेख, निकितीनाचा घोडा, वसईचा तह व कांद्याचा हुकूम ह्या चार गोष्टींनीं व्हावा, आणि तोही मराठींत. वेस्टफालिया मागाहून येवो. वडिलांच्या प्रश्नास उत्तर असें कीं, मुलगा राजदूत न होतां द्राक्षबागाईतदार झाला, वकील झाला, बाजारसमितीवर निवडून आला, तरी घाटाखालचें बंदर कोणी, कां व कोणाच्या हितासाठीं बंद केलें, हें त्यास विचारतां आलें पाहिजे.