हॉटेलांतील मानाच्या पायऱ्या

एकदां आलेलें गिऱ्हाईक पुन्हां आपल्याच दारीं यावें, ही प्रत्येक दुकानदाराची इच्छा असते. अमेरिकेंत १८९६ सालीं स्थापन झालेल्या स्पेरी आणि हचिन्सन कंपनीचीं हिरवीं तिकिटें याच इच्छेंतून निघालीं. खरेदीबरोबर तीं मिळत आणि पुरेशीं सांठलीं कीं त्यांच्या बदल्यांत वस्तु मिळे. १९८१ सालीं अमेरिकन एअरलाइन्सनें अशीच युक्ति विमानप्रवासास लाविली. १९८३ सालीं हॉलिडे इन व मॅरियट या हॉटेल-कंपन्यांनीं ती उचलली.

पुढें गुणांच्या जोडीस मानाच्या पायऱ्या आल्या. मॅरियटच्या योजनेंत वर्षाकांठीं २५ रात्री मुक्काम करणारास सुवर्ण, तर ५० रात्री करणारास प्लॅटिनम दर्जा मिळतो. वरच्या पायरीच्या पाहुण्यास चांगली खोली, न्याहारी, दुपारीं उशिरां खोली सोडण्याची मुभा, असे लाभ मिळतात.

या लाभांचें खरें मोल किती? चांगल्या खोलीचें वचन ‘उपलब्ध असल्यास’ या अटीनें बांधलेलें असतें. रिकामी राहणारी खोली देतांना हॉटेलास फारशी झळ लागत नाहीं. गर्दीच्या दिवसांत मात्र तें वचन कागदावरच राहतें. न्याहारीचा लाभ अधिक निश्चित. परंतु दरपत्रकांतील आंकडा हें तिचें मोल नव्हे. ती फुकट नसती, तर पाहुण्यानें स्वतःच्या खिशांतून जेवढे पैसे खर्चिले असते, तेवढेंच तिचें मोल.

शिवाय वचन देणाराच तें बदलूं शकतो. २०१६ सालीं मॅरियटनें स्टारवुड कंपनी विकत घेतली. २०१८ मध्यें दोन्ही योजना एक झाल्या आणि दोहींकडील मानकरी एकाच पंक्तीस बसले. २०२१ सालीं हिल्टननें अमेरिकेंतील अनेक हॉटेलांत मानकऱ्यांच्या मोफत न्याहारीऐवजीं खाण्यापिण्यासाठीं ठराविक रक्कम देण्यास आरंभ केला. २०२२ मध्यें मॅरियटनें मोफत मुक्कामाच्या गुणांचें ठरीव कोष्टक काढून टाकलें.

कचेरीच्या खर्चानें गांवोगांवीं फिरणाऱ्या नोकरदारास हा मान अनायासें लाभतो. बिल कचेरीचें, सुख त्याचें. स्वतःच्या पैशानें प्रवास करणाऱ्या कुटुंबाची गोष्ट निराळी. दर्जा टिकविण्यासाठीं तें दर रात्रीं हजार रुपये अधिक देऊं लागलें, तर ५० रात्रींत पन्नास हजार खर्ची पडतात. तेवढ्या पैशांत हवी तेव्हां हवी ती खोली सरळ विकत घेतां येते, आणि तिला ‘उपलब्ध असल्यास’ ही अट नसते.