कलकत्त्याने शिकवलेली गाठ

आपल्या या मालिकेत लढायांच्या गोष्टी बऱ्याच झाल्या. आज कलकत्त्याच्या रुग्णालयांत जाऊ. विषय आहे शरीरात वाढणारी गाठ, म्हणजे डॉक्टर ज्याला ट्यूमर म्हणतात ती.

घरात कुणाला गाठ आली की आपण दोनच प्रश्न विचारतो. केवढी आहे? आणि दुखते का? लहान आहे, दुखत नाही, असं कळलं की आपला जीव भांड्यात पडतो. पण या दोन प्रश्नांवर विसंबून चालत नाही, हे कलकत्त्याच्या शंभर वर्षांच्या इतिहासातून नीट समजतं.

सुरुवात १८४५ पासून करू. कलकत्त्याच्या उत्तरेला हुगळी इथे जेम्स एस्डेल नावाचे स्कॉटिश डॉक्टर कंपनी सरकारच्या नोकरीत होते. त्या काळी बंगालमध्ये पुरुषांच्या अंडकोशाला अवाढव्य गाठी होत. भूल द्यायचं औषध अजून आलेलं नव्हतं, त्यामुळे अशी गाठ कापून काढणं म्हणजे रोग्याच्या जिवाशी खेळ. एस्डेल यांनी मेस्मेरिझम, म्हणजे संमोहनासारखी एक पद्धत वापरून रोग्यांना गुंगी आणली आणि शस्त्रक्रिया केल्या. सरकारने समिती नेमून पाहणी केली आणि १८४६ मध्ये त्यांना खुद्द कलकत्त्यात एक छोटं रुग्णालय दिलं. त्यांनी काढलेली एक गाठ १०३ पौंडांची होती, म्हणजे जवळजवळ ४७ किलोंची! तो रोगी दुकानदार होता आणि लिहिताना त्या गाठीचाच मेजासारखा उपयोग करी. पुढे ईथर आणि क्लोरोफॉर्म आले आणि मेस्मेरिझम मागे पडलं.

एस्डेल यांनी या गाठींना ट्यूमरच म्हटलं. पण तो कर्करोग नव्हता. मग काय होतं?

याचा धागा सापडला एका फौजी डॉक्टरला. ब्रिटिश सैन्याच्या वैद्यकीय खात्यातले टिमथी लुईस १८६९ मध्ये कॉलऱ्याचा शोध घ्यायला कलकत्त्यात आले. १८७० मध्ये त्यांना एका रोग्याच्या दुधाळ लघवीत आणि १८७२ मध्ये माणसाच्या रक्तात सूक्ष्म जंत दिसले. हाच तो हत्तीरोगाचा जंत. आपल्या शरीरात रक्तवाहिन्यांसारखंच लसिकावाहिन्यांचं दुसरं जाळं असतं. पेशींभोवती साचलेलं पाणी ते गोळा करून परत रक्तात सोडतं. मोठे जंत या वाहिन्यांत मुक्काम ठोकतात, वाट तुंबते, पाणी साचतं आणि वर्षानुवर्षं अवयव सुजून जाड होत जातो. म्हणजे ४७ किलोंची ती गाठ होती तुंबलेल्या वाटेची. ती माणसाला जागेवर खिळवून ठेवी, पण तिची बीजं यकृतात किंवा फुप्फुसात जाऊन रुजत नसत.

कर्करोगाची गोष्ट वेगळी. १८५८ मध्ये बर्लिनच्या रूडॉल्फ फिर्खो यांनी ठामपणे मांडलं, की पेशी पेशीपासूनच जन्मते आणि रोगाचं मूळही पेशीतच शोधावं. कर्करोग बाहेरून येऊन ठाण मांडत नाही. आपल्याच पेशी शिस्त सोडतात आणि थांबायची आज्ञा मानत नाहीत. याला कारणं अनेक. मुंबईच्या टाटा रुग्णालयातले आपले डॉ. वसंत खानोलकर यांनी १९४५ मध्ये ‘धोतराच्या कर्करोगा’वर लिहिलं. कमरेला धोतर वर्षानुवर्षं एकाच जागी घट्ट बांधून कातडी घासत राहिली, की तिथे कर्करोग होऊ शकतो.

वर्गीकरण मुळापासून सुरू होतं. कातडी, आतड्याचं अस्तर, ग्रंथी यांच्या पेशी बिघडल्या तर कार्सिनोमा. हाड, स्नायू, चरबी यांच्यातून उगवला तर सार्कोमा. जागेवर राहते ती सौम्य गाठ. शेजारच्या भागात घुसते आणि दूर जाऊन नवी ठाणी उभारते ती घातक. आणि ही कूच कोणत्या वाटेने होते? रक्ताच्या, आणि त्याच लसिकावाहिन्यांच्या. हत्तीरोगात जी वाट तुंबते, तीच वाट कर्करोग प्रवासाला वापरतो.

हे ओळखून ज्यांनी काम केलं ते डॉ. सुबोध मित्र कलकत्त्याचेच. देशबंधू चित्तरंजन दास यांनी आपलं राहतं घर देशाला दिलं होतं. १९२५ मध्ये ते गेले. त्यांच्या स्मारकासाठी गांधीजींनी निधी जमवला आणि १९२६ मध्ये त्या घरात स्त्रियांसाठी चित्तरंजन सेवा सदन सुरू झालं. तिथे काम करताना मित्रांनी गर्भाशयमुखाच्या कर्करोगावर जी शस्त्रक्रिया बसवली, ती ‘मित्र ऑपरेशन’ म्हणून ओळखली जाते. ते गर्भाशय योनीमार्गाने काढत आणि शिवाय दोन्ही बाजूंच्या लसिकाग्रंथीही काढून घेत. नुसता किल्ला घेऊन भागत नाही, रसदीची वाटही तोडावी लागते, हे आम्हा फौजी माणसांना चटकन कळतं.

या कर्करोगाचे टप्पेही असेच मोजतात. गर्भाशयमुखापुरताच असेल तर पहिला. त्याबाहेर पडला, पण ओटीपोटाच्या भिंतीपर्यंत पोचला नाही, तर दुसरा. भिंतीला भिडला तर तिसरा. मूत्राशयात, गुदाशयात किंवा दूरच्या अवयवात शिरला तर चौथा. इथे वजनकाटा कामाचा नाही. नकाशा लागतो.

सेवा सदनाच्या आवारातच कर्करोगाचं रुग्णालय उभं राहिलं. २ जानेवारी १९५० रोजी त्याचं उद्घाटन केलं इरेन जोलिओ-क्युरी यांनी. मारी क्युरींची ही कन्या, स्वतः नोबेल विजेती. किरणोत्सर्गी पदार्थांत आयुष्य घालवलेल्या इरेन १९५६ मध्ये ल्युकेमियाने, म्हणजे रक्ताच्या कर्करोगाने गेल्या. या रोगात सहसा गाठ दिसतच नाही.

म्हणून दोन गोष्टी मनात पक्क्या ठेवा. प्रत्येक गाठ कर्करोग नसते आणि प्रत्येक कर्करोगाची गाठ दिसत नाही. कर्करोगाची गाठ सुरुवातीला बहुधा दुखतही नाही. आपल्या घरातल्या बायका तर अशी गोष्ट महिनोन् महिने बोलत नाहीत. पाळी कायमची थांबल्यावर पुन्हा रक्त दिसलं, स्तनात गाठ लागली, तोंडातली जखम तीन आठवड्यांत भरली नाही, तर ‘दुखत नाही ना, मग राहू दे’ म्हणू नका. डॉक्टरांना तीन प्रश्न विचारा. ही कोणत्या पेशींची आहे? सौम्य की घातक? आणि कुठवर गेली आहे? पहिल्या दोन प्रश्नांसाठी बहुधा गाठीचा छोटा तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली तपासावा लागतो. त्याला घाबरू नका. पहिल्या टप्प्यात गाठलेला शत्रू बहुतेक वेळा हरतो.

भेटू पुढच्या भागात. जय हिंद.