मेलेला उंदीर कुठे जातो?

अमरावतीहून नागपूरच्या दिशेने निघालं, की थोड्याच वेळात नांदगाव पेठ लागतं. एकीकडे औद्योगिक वसाहत, कापडाचे कारखाने आणि औष्णिक वीज प्रकल्प. दुसरीकडे तूर, सोयाबीन आणि पऱ्हाटीची शेतं. जिथे धान्याची पोती, गोदामं आणि कामगारांचे डबे एकत्र येतात, तिथे उंदीर येणारच. घर असो की कारखाना, आपला उपाय ठरलेला असतो. दुकानात जायचं आणि ‘उंदराचं औषध’ आणायचं. खरं तर ते विष. पण आपण त्याला औषध म्हणतो. उंदीर मेला की विषय संपला, असंही आपण धरून चालतो. उंदरांविरुद्धच्या लढाईचा गेल्या सव्वाशे वर्षांचा इतिहास वाचताना मला मात्र एकच प्रश्न पुनःपुन्हा भेटत राहिला. मेलेला उंदीर कुठे जातो?

हा प्रश्न पहिल्यांदा विचारला गेला तो प्लेगच्या काळात. सप्टेंबर १८९६मध्ये मुंबईत मांडवी भागात प्लेग उघडकीस आला. धान्याच्या गोदामांचा हा भाग. माणसांच्या आधी तिथे उंदीर मरून पडत होते. पुढे १८९८ साली पॉल-लुई सिमोंड या फ्रेंच डॉक्टरने कराचीत प्रयोग करून सांगितलं, की रोग उंदरावरच्या पिसवांमधून पसरतो. तेव्हा त्याचं फारसं कुणी ऐकलं नाही. १९०५नंतर प्लेग संशोधन आयोगाने मुंबईत परळच्या प्रयोगशाळेत, म्हणजे आजच्या हाफकिन संस्थेत, याचा छडा लावला. दूषित पिसवा असलेल्या खोल्यांत गिनीपिगांचे पिंजरे टांगण्यात आले. जमिनीपासून दोन इंचांवर टांगलेल्या गिनीपिगांना प्लेग झाला. दोन फुटांवरचे वाचले. पिसवेची उडी तिथवर पोहोचत नव्हती!

उंदीर मरून गार पडला, की पिसवा त्याला सोडतात आणि दुसरं ऊबदार शरीर शोधतात. जवळ माणूस असेल तर माणूस. म्हणजे उंदराच्या मरणाने रोग संपत नव्हता, तिथून तो आपल्याकडे वळत होता. नुसते उंदीर मारून भागणार नाही, त्यांची राहण्याची आणि खाण्याची सोयच मोडली पाहिजे, हा धडा तेव्हाच मिळाला होता.

तो धडा मागे पडला, कारण विष स्वस्त आणि सोपं होतं. झिंक फॉस्फाईडची राखाडी भुकटी शेतकऱ्याच्या चांगल्या परिचयाची. ती पोटात गेली, की तिथल्या आम्लामुळे फॉस्फीन हा विषारी वायू तयार होतो. त्यावर उतारा नाही. शिवाय उंदीर मोठा संशयी प्राणी. थोडं चाखून आजारी पडला, तर पुन्हा त्या आमिषाकडे फिरकत नाही. मात्र उघड्यावर टाकलेले तेच दाणे मोर, तित्तर आणि कबुतरं बिनदिक्कत टिपतात.

या संशयी उंदरावर तोड निघाली ती अमेरिकेत. १९२०च्या दशकात तिथे आणि कॅनडात बुरशी लागलेलं गवत खाऊन गुरं रक्तस्रावाने मरत होती. विस्कॉन्सिन विद्यापीठात कार्ल पॉल लिंक यांच्या प्रयोगशाळेने त्यातलं रक्त पातळ करणारं द्रव्य शोधलं. त्याच मालिकेतलं वॉरफॅरिन १९४८मध्ये उंदरांवर वापरात आलं. उंदीर काही दिवसांनी मरतो, त्यामुळे त्याला आमिषाचा संशय येत नाही. हेच वॉरफॅरिन पुढे हृदयरोग्यांसाठी खरोखरीचं औषध झालं. पण १९५८ साली स्कॉटलंडमध्ये त्याला न जुमानणारे उंदीर सापडले. मग १९७०च्या दशकात ब्रोमाडायोलोन, ब्रोडिफॅकूम अशी जास्त जहाल विषं आली.

इथे आपला प्रश्न पुन्हा उभा राहतो. ही विषं खाल्लेला उंदीर लगेच मरत नाही. तीन-चार दिवस तो सुस्त होऊन, झोकांड्या खात उघड्यावर फिरतो. अशी सोपी शिकार गव्हाणी घुबड सोडेल? धामण सोडेल? घरची मांजर सोडेल? उंदराच्या यकृतात साठलेलं विष त्यांच्या पोटात जातं आणि तिथेही महिनोन्‌महिने टिकतं. रात्रीतून दोन-तीन उंदीर सहज खाणारं घुबड आपण आपल्याच हाताने संपवतो. उंदरांची पैदास भराभर होते, घुबडांची तशी होत नाही. मग पुढच्या हंगामात पुन्हा उंदीर, पुन्हा विष.

आपल्या अमरावती जिल्ह्याला तर याची जास्त काळजी हवी. १८८४नंतर तब्बल ११३ वर्षं ज्याची खात्रीची नोंद नव्हती, तो रानपिंगळा १९९७ साली शहाद्याजवळ पुन्हा सापडला. आज मेळघाट हे त्याच्या मोजक्या आसऱ्यांपैकी एक आहे. सरडे आणि उंदीर हे त्याचं मुख्य खाणं. त्या जंगलाच्या कडेला विष टाकताना हात थोडा थबकायला हवा.

मग उंदीर घरात नांदू द्यायचे का? मुळीच नाही. मुंबई महापालिकेचे रात्रपाळीचे कामगार अंधारात काठीने उंदीर मारत आले आहेत. त्या उंदरांत विषाचा कण नसतो. इस्रायलमध्ये १९८३पासून शेतांत घुबडांसाठी पेट्या लावल्या गेल्या. पुढे जॉर्डन आणि पॅलेस्टाईनचे शेतकरीही त्यात आले. आपल्याकडे पुणे जिल्ह्यातल्या पिंगोरी गावात २०१८ साली घुबडांचा महोत्सव भरला.

घरापुरतं सांगायचं, तर पेन्सिल शिरेल एवढ्या फटीतून लहान उंदीर आत येतो. ती फट सिमेंटने किंवा बारीक लोखंडी जाळीने बुजवावी. धान्य पत्र्याच्या कोठीत ठेवावं, रात्री खरकटं ठेवू नये. गोदामात पोती भिंतीपासून हातभर दूर आणि फळ्यांवर रचावी, दाराखाली पत्रा ठोकावा. पिंजरा लावावा आणि रोज पाहावा, म्हणजे चुकून सापडलेली खार किंवा चिचुंद्री सोडता येते. चिकट सरसाच्या पाट्या नकोतच. त्यांवर पाली, चिमण्या आणि सापाची पिल्लंही तडफडून मरतात.

एवढं करूनही विष वापरणं भागच पडलं, तर ते जाणकाराकडून, कुलपाच्या पेटीत ठेवून घ्यावं. आणि रोज सकाळी मेलेले उंदीर शोधून, हातमोजे घालून, खोल पुरावेत. ते उकिरड्यावर फेकणं म्हणजे विष पुढच्या ताटात वाढणं आहे. कारखान्याने उंदीर मारण्याचं कंत्राट देताना किती औषध टाकलं हे जरूर विचारावं; पण त्याआधी किती भोकं बुजवली आणि मेलेल्या उंदरांचं काय केलं, हे विचारावं.