वाट रुंद झाली, ओझे वाढले

१९९१ साली टिम बर्नर्स-ली यांनी पहिले संकेतस्थळ जगास खुले केले, तेव्हा त्यात केवळ अक्षरे होती. १९९३ साली मोझेकमुळे मजकुराशेजारी चित्रे रुळली. १९९५ साली जावास्क्रिप्ट आली. जाहिराती आणि वाचकावर पाळत ठेवणाऱ्या आज्ञावल्याही आल्या. वाट रुंदावली, तसतसे आम्ही गाडीत ओझे लादीत गेलो. जो तो एकेक गाठोडे चढवी. उतरविणे कोणाचेच काम नव्हते. आज सामान्य पानही दोन मेगाबाइटांच्या आसपास भरते. लादणाऱ्यांची यंत्रे वेगवान, म्हणून त्यांना भार जाणवत नाही. तो जाणवतो रावेरच्या केळीबागाइतदाराला भाव पाहताना, शिरपूरच्या शेतकऱ्याला सातबारा काढताना. गाडीची परीक्षा त्यांच्या जुन्या फोनवरच झाली पाहिजे. कारण लादणारे आम्ही, ओढणारे ते!