मनोऱ्यापासून तरंगंबाडीपर्यंत : तंजावरच्या किनाऱ्यावरील मराठी खुणा

तंजावर म्हटले की मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे बृहदीश्वराचे शिखर, सरस्वती महालातील पोथ्या आणि भोसल्यांचा राजवाडा उभा राहतो. या राज्यास लांबलचक समुद्रकिनाराही होता, ही गोष्ट मात्र सहसा कोणाच्या ध्यानी येत नाही. आमच्याही ती पूर्वी फारशी आलेली नव्हती. म्हणून मंडळातील चार कुटुंबांनी मिळून एक गाडी ठरविली आणि तंजावरहून थेट दक्षिणेस, समुद्राच्या रोखाने, आम्ही निघालो.

हा मार्ग मूळचा रामेश्वराच्या यात्रेचा. वाटेवर ओरत्तनाडू लागते. येथे दुसऱ्या सरफोजीराजांनी आपल्या प्रिय मुक्तांबेच्या नावाने अन्नछत्र उभारले. दगडी हत्ती-घोडे जणू सारी इमारत रथाप्रमाणे ओढीत आहेत, अशी तिची रचना आहे. इ. स. १७९९ च्या तहाने राज्यकारभार कंपनीच्या हाती गेला आणि राजांकडे किल्ला व भोवतालचा थोडा मुलूख उरला. तेव्हा १८०१ मध्ये रेसिडेंटास लिहिलेल्या पत्रात त्यांनी आग्रह धरला तो या छत्रांचा. वाटसरू कोणत्याही जातीचा असो, त्यास अन्न मिळते. आजाऱ्यास औषध, बाळंतिणीची व्यवस्था, पोरक्या मुलांना शिक्षण मिळते. मध्यरात्री घंटा वाजवून उपाशी राहिलेल्यांना बोलावले जाते, असे वर्णन त्यात आहे. राज्य गमावलेला राजा मागतो काय, तर परक्याला जेवू घालण्याचा अधिकार! घरापासून दूर राहणाऱ्या आपणा सर्वांस त्या मध्यरात्रीच्या घंटेचे मोल निराळे सांगावयास नको.

पट्टुकोट्टै सोडले की नारळीच्या बागा सुरू होतात. नोव्हेंबर २०१८ च्या 'गज' चक्रीवादळाने या भागातील माड अक्षरशः आडवे केले होते. पुढे सेतुबावाछत्रम्, मल्लिपट्टिनम् ही मासेमारीची गावे. पाल्कची सामुद्रधुनी येथे उथळ व शांत असल्याने कोकणच्या लाटांची सवय असलेल्यास हा समुद्र एखाद्या तळ्यासारखा वाटतो. पाण्याखाली समुद्री गवताची कुरणे आहेत. त्यांवर जगणाऱ्या समुद्रगाईसाठी तमिळनाडू सरकारने २०२२ मध्ये ४४८ चौरस किलोमीटरचे राखीव क्षेत्र घोषित केले. 'कट्टुमरम्' म्हणजे बांधलेली लाकडे; त्या ओंडक्यांच्या तराफ्यांची जागा आता बहुतांशी फायबरच्या होड्यांनी घेतली आहे. दरवर्षी १५ एप्रिलपासून ६१ दिवस यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते. आम्ही गेलो तो काळ बंदीचा नसल्याने धक्क्यावर बायकांचा लिलाव जोरात चालला होता. भाषा कळत नसतानाही आमच्यातील गृहिणींनी भाव बरोबर पाडून घेतला, हे येथे नमूद केलेच पाहिजे.

आणि मग दिसतो मनोरा. तंजावरपासून सुमारे ६५ किलोमीटरवर, सरभेंद्रराजपट्टिनम् या गावी, अगदी पाण्याच्या कडेला सरफोजीराजांनी हा षट्कोनी, आठ मजली बुरूज बांधविला. उंची सुमारे ७५ फूट. भोवती तट आणि खंदक. तमिळ कोळी त्याला 'मनोरा' असेच म्हणतात. त्यांच्या लेखी ते विशेषनाम. आम्हांस त्याचा अर्थ कोणी सांगावा लागला नाही.

इंग्रजी, तमिळ, तेलुगु, मराठी यांसह पाच भाषांत त्यावर लेख आहेत. आशय असा की, इंग्रज सरकारचे मित्र सरफोजी महाराज यांनी ब्रिटिशांचे विजय आणि बोनापार्टचा पाडाव यांच्या स्मरणार्थ हा स्तंभ उभारला. साल १८१४. त्या वर्षी नेपोलियन एल्बा बेटावर गेला खरा, पण पुढच्याच वर्षी तो परतला आणि वॉटर्लूची लढाई व्हावी लागली. चारच वर्षांनी, १८१८ मध्ये, त्याच ब्रिटिशांनी पुण्याची पेशवाई बुडविली. मराठी अक्षरांत कोरलेला हा इंग्रजांचा जयघोष वाचताना आमच्यातील तरुण मंडळी संतापली. लाचारी याहून वेगळी काय असते, असा त्यांचा प्रश्न. आम्हांस तो निकाल घाईचा वाटतो. ज्याच्या हाती फौज नाही, महसूल नाही, त्या राजाने मैत्रीचा दावा दगडात कोरून ठेवला; जो मित्र म्हणून सर्वांसमक्ष गाजविला, त्याने मित्रासारखे वागावे, ही अपेक्षा त्यामागे नसेलच असे नाही. तथापि ती अपेक्षा फळली नाही, हे पुढे येईलच.

वेदारण्यम् येथे १९३० मध्ये राजाजींनी मिठाचा सत्याग्रह केला. तेथून वेलांकण्णीमार्गे नागपट्टिनमला पोहोचलो. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीत या एका जिल्ह्यात सहा हजारांहून अधिक माणसे गेली. त्याविषयी आम्ही कोणास प्रश्न विचारले नाहीत.

व्यंकोजीराजांनी १६७६ मध्ये नागपट्टिनमच्या डचांशी केलेला करार चांदीच्या पत्र्यावर कोरलेला आहे. कारैकल १७३९ मध्ये फ्रेंचांकडे गेले. त्या आधीपासून, १६२० पासून, तरंगंबाडीस डेन लोक होतेच. ते तंजावरच्या दरबारास वार्षिक खंडणी देत. एकाच किनाऱ्यावर तीन टोपीकर! थोरल्या बंधूंनी, शिवछत्रपतींनी, १६६४ मध्ये सिंधुदुर्गाची पायाभरणी केली. धाकट्यांच्या वंशाने समुद्र भाडेकरूंच्या हवाली केला. कावेरीच्या भाताने भरलेल्या कोठारांपुढे खाऱ्या पाण्याची किंमत त्यांना उमगली नसावी. नागूरच्या दर्ग्याचा १३१ फुटी सर्वांत उंच मिनार मात्र प्रतापसिंहराजांनी बांधविला. होडीवाल्यांना तो दुरून दिसतो.

तरंगंबाडीचा डेन्सबोर्ग किल्ला अद्याप उभा आहे. १७५० मध्ये श्वार्ट्झ नावाचा जर्मन पाद्री येथेच उतरला. तुळजाजीराजांनी १७८७ मध्ये मृत्यूपूर्वी दत्तक पुत्र सरफोजी त्याच्या स्वाधीन केला. सरफोजीचे इंग्रजी, ग्रंथप्रेम, वैद्यकाची आवड आणि इंग्रजांवरील विश्वास यांचा उगम शोधावयाचा तर तो या धक्क्यापर्यंत येतो.

डेन लोकांनी १८४५ मध्ये आपल्या वसाहती इंग्रजांना विकल्या आणि साडेबारा लाख रुपये घेऊन ते निघून गेले. दहा वर्षांनी, १८५५ मध्ये, सरफोजीपुत्र शिवाजीराजे निपुत्रिक वारले. कंपनीने राज्यच नव्हे, तर वाड्यातील खासगी मालमत्ताही ताब्यात घेतली. राणी कामाक्षीबाईसाहेब लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत लढल्या. १८५९ मध्ये निकाल विरुद्ध लागला : जप्ती ही राज्यसत्तेची कृती, न्यायालयास तीत हात घालता येत नाही. खासगी मालमत्ता पुढे १८६२ मध्ये राण्यांस परत मिळाली, ती हक्क म्हणून नव्हे, सरकारची मेहेरबानी म्हणून.